उज्जैनचे सहा आठवडे आणि सोमबारीबद्दल मी जे सांगितलं नाही

पाच वर्षांनी घरी जायचं नक्की झालं, तेव्हा मी सगळ्यात आधी आरशासमोर उभी राहून थकलेला चेहरा करून पाहिला. जमला नाही. मांडियाची, म्हणजे आपल्या नाचणीची, पेज आणि डोंगरातली हवा यांनी माझे गाल चांगलेच वर आलेत. त्यागमूर्ती म्हणून घरी जायचं तर निदान पाच किलो कमी करायला हवे होते, आणि हातात होते आठ दिवस.

आधी आमची ओळख. मी शुभांगी, उज्जैनची. पप्पा रेल्वेत होते, मूळचे नगर जिल्ह्यातले. मी नर्स आहे. नवरा आशिष आणि मी अकरा वर्षांपासून ओडिशात, कोरापुटच्या डोंगरात, मिशनच्या एका लहानशा दवाखान्यात आणि त्याला लागून असलेल्या मुलींच्या होस्टेलमध्ये काम करतो. दवाखाना माझा, होस्टेल आशिषचं, आणि आमची तेरा वर्षांची रूथ दोन्हीकडे लुडबुड करते. आमचं काम चालतं ते उज्जैनच्या लोकांच्या भरवशावर. कुणी दर महिन्याला काही पाठवतं, कुणी वह्या, कुणी औषधं, कुणी नुसती प्रार्थना. बदल्यात मी दर तीन महिन्यांनी सगळ्यांना एक पत्र पाठवते. काही वर्षांनी एकदा हिंडून सगळ्यांना प्रत्यक्ष भेटायचं, जेवायचं, फोटो दाखवायचे, आभार मानायचे, असा शिरस्ता आहे. ही त्या सहा आठवड्यांची हकीकत.

कुणाला आमच्या वाटेनं जायचं असेल तर ऐका. आमच्या गावाहून कोरापुटपर्यंत जीप, दोन तास, आणि मांडीवर कोंबडी ठेवायची तयारी. कोरापुटहून बसनं जगदलपूर. तिथे मुक्काम करा, अंग मोकळं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळची बस धरून रायपूर. वाटेत केशकालचा घाट लागतो, आणि ज्यांना बस लागते त्यांनी पुढच्या बाजूला बसावं. आशिष मागे बसला होता. रायपूरहून गाडीनं भोपाळ, भोपाळहून दुसरी गाडी पकडून उज्जैन. उन्हाळ्यात हा प्रवास करू नये. आम्ही दर वेळी उन्हाळ्यातच करतो, कारण होस्टेलला सुट्टी तेव्हाच असते.

उज्जैन स्टेशनच्या बाहेर पाय ठेवला आणि पाच ई-रिक्षावाल्यांनी गराडा घातला. “महाकाल? महाकाल? होटल चाहिए? दर्शन?” पाठीवर पिशव्या असलेला प्रत्येक माणूस दर्शनालाच आलेला असतो, हा तिथला नियम.

“नानाखेडा,” मी म्हटलं.

“नानाखेड़ा? वहाँ से तो बस पकड़ते हैं बहन जी, आप तो अभी आए हो.”

“घर आहे... घर है हमारा.”

त्यानं आमच्याकडे असं पाहिलं, की घर असूनही इतक्या पिशव्या घेऊन कोण फिरतं. प्रश्न रास्त होता. तिघांचे मिळून त्यानं शंभर मागितले, मी ऐंशीवर आणले, आणि नानाखेड्याला उतरल्यावर त्यानं सुट्टे नाहीत म्हणून शंभरच घेतले. आपल्या गावात परत आल्याची खात्री पटली.

पप्पा-मम्मी बस स्टँडच्या मागच्या कॉलनीत राहतात. दारातच मम्मी म्हणाली, “अगं, तू तर चांगली सुटलीस!” त्यागमूर्तीचा विषय तिथेच संपला.

पहिला आठवडा खाण्यात गेला. सकाळी पोहे, वर शेव, सोबत जिलेबी. उज्जैनला पोहे खाल्ले नाहीत असा दिवस धरत नाहीत. टावर चौकात एक ठेला आहे, तिथे वाफेवरचे पोहे मिळतात. नऊच्या आत पोहोचलात तर मिळतील, नंतर नुसती शेव उरते. संध्याकाळी कैरीचं पन्हं. आशिष नगरचा, त्याला इथल्या मराठीची दर वेळी नव्यानं गंमत वाटते. “मला फार चांगलं लागलं,” म्हणजे चांगलं वाटलं, असं मी म्हटलं की तो विचारतो, “काय लागलं? कुठे लागलं? औषध लावू का?” लग्नाला सोळा वर्षं झाली तरी हा विनोद त्याला पुरतो.

दुसऱ्या दिवशीच मी फ्रीगंजला मुजुमदार काकूंकडे गेले. या प्रवासातलं जे काही सांगण्यासारखं आहे, ते या घराशी जोडलेलं आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

काकू बहात्तर वर्षांच्या. त्यांचे पूर्वज कधीकाळी शिंद्यांच्या दरबारात दप्तर सांभाळायचे. काकूंनी चौतीस वर्षं मुलींच्या शाळेत जीवशास्त्र शिकवलं. मलाही. मी नर्स झाले याला निम्म्या त्या जबाबदार. त्या आमच्या चर्चच्या नाहीत, घरी दीड दिवसाचा गणपती असतो, आणि आम्ही ओडिशाला निघालो तेव्हा त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं, “तुमच्या देवाचं तुम्ही बघा. मुलींचं जीवशास्त्र मी बघते.”

आणि त्यांनी खरंच बघितलं. होस्टेलमध्ये सोमबारी नावाची मुलगी होती. अकरावीला तिनं सायन्स घेतलं, आमच्या होस्टेलमधली पहिलीच. मी तिच्या उत्तरपत्रिकांचे फोटो काढून काकूंना पाठवायची. काकू ते छापून घ्यायच्या, लाल पेनानं तपासायच्या आणि पोस्टानं परत पाठवायच्या. फुलाच्या आकृतीत बीजांडाचं नाव चुकलं की अर्धा गुण कापायच्या. दोन वर्षं हे चाललं. सोमबारी बारावी पास झाली, नर्सिंगला तिचा नंबर लागला, आणि मी माझ्या पत्रात दीड पान लिहिलं. ‘आमच्या डोंगरातली पहिली नर्स’ असं शीर्षक दिलं होतं. लिहिताना माझ्याच डोळ्यांत पाणी आलं होतं. स्वतःच्या लिखाणावर रडण्यात मी पटाईत आहे.

सात महिन्यांनी सोमबारीनं नर्सिंग सोडलं. मला विचारलं नाही, सांगितलंही नाही. गावातल्या दोन मुलींबरोबर ती तामिळनाडूला शिवणाच्या कारखान्यात गेली. मला कळलं ते तिच्या आईकडून, दवाखान्याच्या रांगेत.

त्यानंतर माझी चार पत्रं गेली. एकात नवीन विहिरीबद्दल होतं, एकात आशिषला विंचू चावल्याबद्दल, अगदी रंगवून. सोमबारीबद्दल एक अक्षर नव्हतं.

काकूंनी दार उघडलं आणि मी अजून चपला काढत होते तेवढ्यात विचारलं, “माझी सोमबारी कशी आहे?”

उत्तर तयार असायला हवं होतं. तीन दिवसांच्या प्रवासात मी आशिषच्या उलट्या सोडून दुसरा काही विचार केला नव्हता.

“बरी आहे,” मी म्हटलं. इथवर खोटं नव्हतं.

“दुसरं वर्ष ना आता? वॉर्डात ड्यूटी लागली असेल.”

“हो, कामात असते खूप.”

हेही शब्दशः खरंच होतं, कारखान्यात काम खूप असतं. असं खरं बोलण्यात माझा हात कुणी धरू शकणार नाही. काकूंनी माझ्या ताटात आणखी एक पुरणपोळी टाकली आणि मी ती खाल्ली.

दुसऱ्या रविवारी चर्चमध्ये आमचा कार्यक्रम होता. आमची मंडळी छोटी. उपासना हिंदीत, उपासनेनंतरच्या गप्पा हिंदी-मराठीच्या मिसळीत. उपासना संपली की आशिष फोटो दाखवणार आणि मी बोलणार, असं ठरलं होतं. आशिषनं फोटो गेल्या वेळचेच ठेवले होते, वर थोडे नवे टाकले होते. नवव्या फोटोत सोमबारी आली. पांढरा कोट, हातात प्रवेशाचा कागद, मागे आमचा दवाखाना.

“हीच ती नर्स बिटिया ना?” पुढच्या रांगेतून विल्सन अंकलनी विचारलं. ते रेल्वेत पप्पांबरोबर होते. “इसके लिए तो हम हर बुधवार प्रार्थना करते हैं.”

आशिषनं माझ्याकडे पाहिलं. तो फोटो पुढे सरकवू शकला असता. मीही काही बोलू शकले असते. पण पंख्याखाली पन्नास माणसं माना वर करून बघत होती आणि पास्टरजी हसत होते. मग मी सोमबारीची गोष्ट सांगितली. ती पहाटे उठून अभ्यास करायची, रॉकेलच्या दिव्यावर (दिवा सौरऊर्जेचा होता), काकूंची लाल शाई, नर्सिंगचा प्रवेश, सगळं. प्रवेशावर येऊन थांबले. टाळ्या पडल्या. विल्सन अंकलनी डोळे पुसले.

परतताना ई-रिक्षात रूथ म्हणाली, “मम्मा, सोमबारी दीदी परत गेली का कॉलेजला?”

“नाही.”

“मग?”

“मी प्रवेशापर्यंतच सांगितलं. पुढचं सांगितलं नाही.”

“आम्ही असं केलं की तू आम्हाला अंगणात उभं करतेस.”

आशिष रस्त्याकडे बघत राहिला. रिक्षावाला उगाच गाणं गुणगुणायला लागला. त्याला मराठी कळत असावं.

पुढचे तीन आठवडे आम्ही उज्जैन पालथं घातलं. दुपारी एक घर, संध्याकाळी दुसरं. असा दौरा करणार असाल तर अनुभवाचे दोन बोल देते. दुपारच्या घरी दाल-बाफले असतील तर संध्याकाळच्या घरी आधीच फोन करून सांगा. बाफला म्हणजे तुपात बुडवलेला कणकेचा गोळा, आणि दोन खाल्ले की माणूस उभा राहत नाही. आणि प्रत्येक घरी प्रश्न तेच असतात, त्यामुळे उत्तरं पाठ होतात. “तिथे साप आहेत का?” आहेत. “भाषा कशी कळते?” अर्धी कळते. “मुलीच्या शिक्षणाचं काय?” इथे आशिष बोलायचा. “ती नर्स झालेली मुलगी?” इथे मी पाणी मागायची. त्या तीन आठवड्यांत मी इतकं पाणी प्यायले, की मम्मी साखर तपासून घे म्हणाली.

पाचव्या आठवड्यात काकूंचा फोन आला. “शनिवारी संध्याकाळी ये. माझ्या जुन्या विद्यार्थिनी येणार आहेत. आशिषला आणू नकोस, बायकांत कंटाळेल.”

काकूंच्या बैठकीत सात-आठ बायका होत्या. एक बँकेत मॅनेजर, एक दंतवैद्य, दोघी शिक्षिका, एकीचं टावर चौकात कापडाचं दुकान. सगळ्यांचा काकूंनी कधी ना कधी अर्धा गुण कापला होता. साबुदाण्याची खिचडी झाली, पन्हं झालं. मग काकू उठल्या. आतून एक चौकोनी डबी आणली.

“निवृत्त झाले तेव्हा शाळेनं मला हे घड्याळ दिलं,” त्या सगळ्यांना म्हणाल्या. “याला सेकंदाचा मोठा काटा आहे. नर्सला नाडी मोजायला असंच लागतं, हो ना शुभांगी? आता माझ्या नाड्या डॉक्टरच मोजतात. हे माझ्या शेवटच्या विद्यार्थिनीला दे.”

माझ्या हातात डबी होती. सगळ्या टाळ्या वाजवत होत्या. कापडाच्या दुकानवाली म्हणाली, “मॅडम, तिच्या युनिफॉर्मचं कापड माझ्याकडून.” दंतवैद्यीण फोटो काढत होती.

मी “थँक्यू काकू” म्हणाले आणि डबी पर्समध्ये टाकली.

हे मला सांगावंसं वाटत नाही, पण त्या शनिवारी मी तिथून बाहेर पडले, टावर चौकात उभी राहून एक कुल्फी खाल्ली, आणि मनात आखणी करायला लागले. घड्याळ घेऊन जायचं. सोमबारीच्या आईकडे द्यायचं. सोमबारी कधी सुट्टीवर येईल तेव्हा तिच्या हातात घालून फोटो काढायचा, जवळून, नुसत्या मनगटाचा. मनगटावरून कुणाला काय कळणार? कुल्फी संपेपर्यंत माझं सगळं ठरलं होतं. मग काडी टाकायला कचऱ्याचा डबा शोधत होते तेव्हा माझीच आखणी मला पुन्हा ऐकू आली. इतक्या सफाईनं मी हे रचू शकते, याची मला भीती वाटली. मी रस्त्याच्या कडेला पाच मिनिटं खाली बसून राहिले. एका बाईनं विचारलं, “गर्मी लग गई क्या?” मी हो म्हटलं. आणखी एक खोटं.

रविवारी मी चर्चला गेले नाही. सकाळी दहाला काकूंच्या दारात उभी होते.

काकू बाल्कनीत तुळशीला पाणी घालत होत्या. मी बसलेच नाही, कारण बसले तर पोहे येणार आणि पोहे आले की माझा धीर सुटणार.

“काकू, सोमबारी नर्सिंगमध्ये नाही. वर्षापूर्वी सोडलं तिनं. तामिळनाडूला शिवणाच्या कारखान्यात आहे. मी तुम्हाला सांगितलं नाही.”

काकूंनी झारी खाली ठेवली. “वर्ष झालं?”

“हो.”

“आणि तू चार वेळा मला पत्र पाठवलंस. विंचवाचं पण लिहिलंस.”

“हो.”

“काल माझ्या मुलींसमोर...” त्या थांबल्या. त्यांचा चेहरा लाल झाला होता. शाळेत तो असा झाला की आम्ही वर्गाबाहेर जायला आपणहून उठायचो. “काल मी तुझ्या हातात डबी दिली आणि तू घेतलीस.”

डबी अजून माझ्या पर्समध्येच होती.

“तिनं सोडलं याचं मला वाईट वाटतंय,” काकू म्हणाल्या. “ते माझं मी बघेन. चौतीस वर्षांत पुष्कळ मुलींनी सोडलंय. पण तू मला काय समजलीस गं? चांगला निकाल लागला तरच दाखवायचा? मी काय बाहेरची परीक्षक आहे?”

“तुम्हाला वाईट वाटेल म्हणून...”

“माझं नाव पुढे करू नकोस. तुला वाईट वाटेल म्हणून.”

मी रडायला लागले. काकूंनी पाणी आणलं नाही, पाठीवर हात फिरवला नाही. खुर्ची ओढून बसल्या आणि माझं रडून होईपर्यंत थांबल्या. मग म्हणाल्या, “का सोडलं तिनं?”

“माहीत नाही.”

“विचारलं नाहीस?”

नव्हतं विचारलं. माझ्याकडे तिचा नंबर वर्षभर होता, तिच्या आईनं दिलेला. मी एकदाही लावला नव्हता. रागावले होते, असं मी स्वतःला सांगत आले. खरं म्हणजे ती काय सांगेल याची धास्ती होती.

“लाव,” काकू म्हणाल्या.

“आत्ता?”

“रविवार आहे. कारखाने बंद असतात.”

सोमबारीचं गाव छत्तीसगडच्या सीमेवर, त्यामुळे तिला हिंदी येतं. फोन तिनं लगेच उचलला. मागे मुलींचा गलका आणि नळाचा आवाज येत होता, कपडे धुणं चाललं असावं.

“सोमबारी, शुभांगी दीदी बोल रही हूँ.”

पलीकडचा नळ बंद झाला. मग, “दीदी, आप गुस्सा हो?”

मी उत्तर द्यायच्या आत काकूंनी फोन माझ्या हातातून घेतला. “मैं उज्जैन से बोल रही हूँ. लाल पेन वाली.”

“मैडम!” ती किंचाळलीच. फोन स्पीकरवर नव्हता तरी मला ऐकू आलं. काकूंनी तो स्पीकरवर टाकला.

“बेटा, पढ़ाई क्यों छोड़ी?”

सोमबारी आधी हसली, मग अडखळत सांगायला लागली. तिला रक्त बघवत नव्हतं. पहिल्याच महिन्यात वॉर्डात ती दोनदा चक्कर येऊन पडली. सिस्टर म्हणाल्या सवय होईल. सात महिने थांबली, झाली नाही. जेवण जाईना.

“तो दीदी को बताया क्यों नहीं?”

“दीदी ने सबको बता दिया था ना कि मैं नर्स बनूँगी. चिट्ठी में लिख दिया था. फोटो भी.” जरा थांबून म्हणाली, “मैंने तो कभी बोला नहीं था कि नर्स बनना है. दीदी नर्स हैं, तो दीदी बहुत खुश थीं.”

मी काकूंच्या तुळशीकडे बघत होते. दोन वर्षं मी त्या मुलीची उत्तरं फोटो काढून पाठवली. तिला काय व्हायचंय, हा एक प्रश्न मला सुचला नव्हता.

“तो तुझे क्या करना है?” काकूंनी विचारलं.

“मालूम नहीं मैडम.” मग म्हणाली, “यहाँ अभी चेकिंग में लगाया है मुझे. सिलाई ग़लत हो तो मैं निशान लगाती हूँ. लाल चॉक से.”

काकू मोठ्यानं हसल्या. त्या सगळ्या सकाळी तेवढंच एकदा.

फोन ठेवल्यावर मी पर्समधून डबी काढून पुढे केली. मला वाटलं होतं त्या म्हणतील, असू दे, तिलाच दे. त्यांनी डबी उघडली, घड्याळ काढलं आणि स्वतःच्या मनगटावर बांधलं.

“तिला मोबाईलवर वेळ दिसते,” त्या म्हणाल्या. “मला चष्म्याशिवाय दिसत नाही. आणि तिचा नंबर या कागदावर लिहून दे. यापुढे तू मधे नको.”

शेवटच्या रविवारी मी पास्टरजींना विचारून चर्चमध्ये पाच मिनिटं मागितली. कागदावर लिहून नेलं होतं, कारण बोलताना मी सुंदर करून सांगते हे आता मला कळलं होतं. सोमबारी नर्स नाही, ती कारखान्यात आहे, आणि गेल्या वेळी मी इथे उभी राहून तुम्हाला अर्धी गोष्ट सांगितली, एवढंच वाचलं. रॉकेलच्या दिव्याचंही सांगितलं. तिथे एकजण हसलं. ती रूथ होती.

टाळ्या नव्हत्या. पुढच्या ओळीतलं एक कुटुंब उपासना संपल्यावर न भेटता निघून गेलं. ते आम्हाला वह्या पाठवायचे. यापुढे पाठवतील का, मला माहीत नाही, आणि विचारायचा मला हक्क नाही. पास्टरजींनी हात मिळवला आणि म्हणाले, “सच बोलने में भी अपने को हीरो मत बनाना, बहन.” मी त्या क्षणी मनातल्या मनात नेमकं तेच करत होते. हा माणूस माझ्या फार ओळखीचा नाही, पण कामाचा आहे.

बाहेर कडुलिंबाखाली विल्सन अंकल थांबले होते. मला वाटलं रागावतील. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि खालच्या आवाजात सांगितलं, की त्यांचा मुलगा इंदूरला कंपनीत आहे असं ते सगळ्यांना सांगतात, पण त्याची नोकरी जाऊन आठ महिने झाले. घरीच असतो. “किसी को बोला नहीं है. तेरे पापा को भी नहीं.” मी त्यांना काय सल्ला देणार! मग ते म्हणाले, “बुधवार को सोमबारी का नाम तो चलता रहेगा. बस, क्या माँगना है वो बदलना पड़ेगा.”

परतीचा प्रवास उलट्या क्रमानं तसाच. फरक एवढाच, की केशकालच्या घाटात आशिष पुढे बसला आणि मागे बसलेल्या मला बस लागली. मम्मीनं बांधून दिलेली अर्धी शेव कांकेरच्या बस स्टँडवर माकडांनी नेली. मांडीवर या वेळी कोंबडी नव्हती, बकरीचं पिल्लू होतं, आणि ते कोरापुटपासून आमच्या गावापर्यंत शांत झोपलं होतं.

आता येऊन महिना होत आला. होस्टेल भरलंय. दोन मुली नव्या आहेत, अजून रडतात. दहावीच्या मुलींना परवा मी विचारलं, तुम्हाला पुढे काय करायचंय. सगळ्या एकसुरात म्हणाल्या, “नर्स!” मग मी खोलीबाहेर गेले आणि रूथला आत पाठवलं. तिनं येऊन यादी दिली. एकीला दुकान काढायचंय. एकीला पोलीस व्हायचंय. दोघींना काही माहीत नाही. नर्स एक, आणि तीही, रूथच्या म्हणण्याप्रमाणे, “बहुतेक तुला घाबरून.”

काल संध्याकाळी काकूंना फोन केला. एंगेज लागला. पुन्हा केला, पुन्हा एंगेज. तिसऱ्यांदा उचलला.

“कुणाशी बोलत होता इतका वेळ?” मी विचारलं.

“सोमबारीशी. दर रविवारी बोलतो आम्ही.”

“अरे वा. काय म्हणते? काय करायचं ठरवलंय तिनं?”

“ते तुला कशाला सांगू?” काकू म्हणाल्या, आणि आमच्याकडे पाऊस सुरू झाला का ते विचारू लागल्या.

मला लागलं. आशिषच्या अर्थानं, आमच्या उज्जैनच्या नव्हे. मी पावसाचं सांगितलं, अजून नाही म्हणून, आणि फोन ठेवला. पडवीत मुली जेवायला बसल्या होत्या. पेजेचं भांडं जड होतं, ते दोघींनी उचलून आणलं होतं आणि पळी माझ्याकडे होती, म्हणून उठून वाढायला गेले.